टाक्याची विद्या

आपल्या समाजाच्या इतिहासावर आजवर जे लेखन झाले, त्यात संत रोहिदास महाराजांचे चरित्र आहे, पोटजातींची व कुळांची चर्चा आहे, वसतिगृहे, परिषदा आणि सरकारदरबारी दिलेली निवेदने यांचा वृत्तान्त आहे. मात्र ज्या कामावरून आपणांस नाव मिळाले, ते काम एका पिढीने दुसऱ्या पिढीस कोणत्या रीतीने शिकविले, याची हकीकत फारशी आढळत नाही. ‘वडिलोपार्जित धंदा’ एवढे दोन शब्द लिहून लेखक पुढे सरकतो. जणू आरी धरण्याचे ज्ञान रक्तातूनच उतरते! वस्तुतः कातड्यास घातलेला प्रत्येक टाका कोणीतरी शिकविलेला व कोणीतरी शिकलेला असतो. त्या शिक्षणास क्रम होता, कसोट्या होत्या आणि त्याची किंमतही मोजावी लागली होती. तिन्हींचा विचार यथामती येथे मांडीत आहे.

प्रथम हे शिक्षण ज्या चौकटीत होत असे ती पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. बलुतेदारांच्या व्यवस्थेचे बारकाईने केलेले वर्णन म्हणून त्याचे महत्त्व आजही आहे. गावच्या चर्मकाराने शेतकऱ्यांच्या वहाणा शिवाव्या, फाटलेल्या नीट कराव्या, मोट सांधावी, चाबूक-आसुडाचे व बैलांच्या साजाचे चामडी काम करावे, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्य न्यावे, अशी ही रीत. कातडे कमाविण्याचे काम बहुधा ढोर-कक्कय्या बांधवांकडे असे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते पिकवीत. कातडे पखालीसारखे शिवून, टांगून, त्यात सालीचे पाणी भरण्याची त्यांची पद्धत प्रसिद्धच आहे. आपले काम तेथून पुढे सुरू होई.

या सर्व कामांत मोट हे सर्वांत अवघड. आजच्या तरुणांपैकी अनेकांनी मोट पाहिलेली नसेल, म्हणून थोडे सांगतो. विहिरीतून पाणी काढण्याची ही चामड्याची मोठी पिशवी. तिच्या खालच्या अंगास सोंड असे. बैल धावेवरून उतरू लागले की नाडा मोटेस वर ओढी, सोंदूर सोंडेचे तोंड सावरून धरी, आणि मोट वर येताच सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे. दिवसभर ओले राहणारे, वजनाने ताणले जाणारे, विहिरीच्या दगडांवर घासणारे ते चामडे. वहाणेचा एखादा टाका सैल राहिला तर फार तर पायास टोचेल. मोटेचा टाका सैल राहिला तर अर्धे पाणी पुन्हा विहिरीत. त्यामुळे पोरगा मोटेला हात घालू लागला, याचा अर्थ तो कारागीर झाला, असाच घरात घेतला जाई. पदवीदान समारंभ नव्हता एवढेच!

आता शिकण्याच्या क्रमाकडे वळू. नवशिक्याच्या हाती आरी प्रथम कोणी देत नसे. कुंडीत पाणी भरणे, कातडे भिजत घालणे, दगडावर रापीला धार लावणे, सुताचे पदर वळून त्यांवर मेण चोळणे, ही पहिली कामे. वरवर पाहता ही चाकरी वाटते; पण विचार केला तर निम्मी विद्या यांतच आहे. कातडे किती भिजले म्हणजे आरी सहज शिरते आणि छिद्र फाटत नाही, हे सांगून कळत नाही. फार ओले कातडे ताणले जाते व वाळल्यावर आकार बदलते. कोरडे कातडे आरीस दाद देत नाही. बेताचे ओलसर असेल तर वाळताना छिद्र आवळते आणि दोऱ्यास घट्ट धरून ठेवते. मेणाचे कारणही तसेच. मेणाने दोऱ्याचे पदर विसकटत नाहीत, पाणी आत मुरत नाही, आणि ओढलेला टाका मागे सरकत नाही. कुंडीपाशी वर्षभर बसलेल्या मुलास हे सारे बोटांनी ठाऊक होई, मग त्यास शब्दांत सांगता येवो वा न येवो.

यानंतर कातडे ओळखणे. जनावराच्या पाठीचे कातडे घट्ट व भरीव, पोटाचे सैल व ताणले जाणारे, मानेचे सुरकुत्यांचे. तळ पाठीच्या भागातून काढायचा, आणि अंगठा व पट्टा अशा अंगाने कापायचा की वापरात तो लांबणार नाही. ‘चांभाराची नजर जोड्यावर’ ही म्हण आपल्या समाजास हिणवण्यासाठी पुष्कळदा वापरली गेली. मला मात्र तीत एका शिकलेल्या नजरेची नकळत दिलेली कबुली दिसते. वैद्याची नजर नाडीवर आणि सोनाराची कसावर, तसेच हे.

मग रापी. कड तासून पातळ करणे हे नवशिक्याचे पहिले खरे संकट. रापी जरा उभी धरली की कातडे आरपार जाते. म्हणून ही तालीम टाकाऊ तुकड्यांवर व जुन्या तळांवर होई. पुढे वाद्या कापणे. एकसारख्या रुंदीची लांब वादी गोल तुकड्यातून फिरवून काढता आली म्हणजे हात स्थिर झाला. आणि यानंतर, कधी दोन वर्षांनी तर कधी चार वर्षांनी, शिवण.

शिवणीचे दोन प्रकार मुख्य. पहिला आकडीच्या आरीचा: आरी कातड्यातून पलीकडे घालायची, तेथील दोरा आकडीत धरून फास वर ओढायचा, आणि दोऱ्याचे दुसरे टोक त्या फासातून काढून आवळायचे. हे काम वेगाने होते व रस्त्यावरील दुरुस्तीस पुरेसे असते. दुसरा प्रकार खोगीर-लगामासारख्या ताण सोसणाऱ्या कामाचा. त्यात दोरा एकच, पण त्याची दोन्ही टोके दोन बाजूंनी त्याच छिद्रातून जातात. डावे टोक उजवीकडे, उजवे डावीकडे, आणि मग दोन्ही हातांनी सारखा ताण. असा टाका घालताना दर वेळी कोणते टोक आधी जाते, हा क्रम बदलता कामा नये. बदलला की शिवणीची रेघ वाकडी दिसते. जाणता माणूस शिवण पाहून सांगू शकतो की शिवणाऱ्याचे लक्ष कोठे ढळले.

येथवर वाचून कोणास वाटेल की लेखक जुन्या काळाचे गोडवे गात आहे. तसे नाही. हे शिक्षण मुलाने निवडलेले नव्हते. ज्या वयात हाती पाटी यावयाची त्या वयात रापी आली, आणि शाळेच्या ओसरीवर बसण्याचीही जेथे चोरी, तेथे दुसरे काही येणारही नव्हते. बलुत्याच्या व्यवस्थेत उत्तम मोट शिवणारा आणि कामचलाऊ मोट शिवणारा यांच्या वाट्यास धान्य बहुधा सारखेच येई. कौशल्यास मोल नव्हते आणि काम नाकारण्यास जागा नव्हती. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात बलुतेपद्धती बंद केली, तिचे महत्त्व या दृष्टीने पाहावयास हवे. काम गावाचे देणे न राहता कारागिराचे झाले. ज्यास सोडावयाचे त्याने सोडावे, ज्यास करावयाचे त्याने भाव ठरवून करावे. शिकणे हे प्रथमच, निदान कायद्याने तरी, इच्छेवर आले.

इकडे यंत्रेही येत होती. एलियस हाऊ याने अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट १८४६ साली घेतले. बुटाचा तळ वरच्या भागास शिवणारे लायमन ब्लेक याचे यंत्र १८५८ चे. क्रोम क्षारांनी कातडे कमाविण्याची रीत त्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली, आणि महिनोन्‌महिन्यांचे काम काही दिवसांवर आले. आपल्याकडे लष्करी छावण्यांच्या आसपास इंग्रजी बूट शिवण्यास शिकलेले कारागीर पूर्वीच होते. त्यांनी फरम्यावर वरचा भाग ओढून बसविण्याची नवी विद्या पाहून पाहून आत्मसात केली. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर उभे राहिले, आणि तयार जोडा तालुक्याच्या बाजारापर्यंत पोहोचू लागला. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा वेगळा व खालचा वेगळा. दोन्ही कातड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. एक तुटला की दुसऱ्यास आधार उरत नाही. दोन टोकांच्या हातशिवणीत एक पदर झिजून तुटला तरी दुसरा जागी असतो. परंतु हा फरक गिऱ्हाइकास दुकानात दिसत नाही, किंमत मात्र दिसते.

याच सुमारास हजारो कोस दूर एक वेगळाच शिष्य ही विद्या शिकत होता. जोहान्सबर्गजवळ १९१० मध्ये टॉलस्टॉय फार्मची स्थापना झाली. तेथे चपलांची गरज पडली तेव्हा गांधीजींचे जर्मन सहकारी हर्मन कॅलनबाख हे मारियनहिल येथील ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन चपला करावयास शिकून आले. त्यांच्यापासून गांधीजी शिकले, आणि गांधीजींकडून फार्मवरील इतर. गांधीजींनी स्वहस्ते केलेला जोड १९१४ मध्ये जनरल स्मट्स यांना भेट दिला, आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त स्मट्स यांनी तो आदराने परत पाठविला. बॅरिस्टराने आरी हाती घेतली त्याची जगाने नोंद ठेवली, आणि ती योग्यच आहे. पण त्याच वर्षांत आपल्या खेड्याखेड्यांतून जी मुले त्याहून कठीण काम त्याहून लहान वयात शिकत होती, त्यांच्या शिक्षणास ‘शिक्षण’ हे नावसुद्धा मिळाले नाही. एकास तो प्रयोग होता. दुसऱ्यास ते जन्माने आलेले होते. हातातली आरी तीच!

पुढे १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि जवळच नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी मृत जनावरांच्या कातड्यांवर चर्मालय चालविले. उच्चवर्णीय कार्यकर्ता कातड्यास हात लावतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. परंतु तत्पूर्वीच, १९२७ मध्ये, महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य बांधवांस मृत मांस टाकण्याचा व हीन मानली गेलेली कामे सोडून विद्येच्या मार्गास लागण्याचा उपदेश केला होता. एक म्हणतो कामास प्रतिष्ठा द्या, दुसरा म्हणतो आधी माणसास द्या. माझे मत विचाराल तर ज्यास काम सोडण्याची मुभा आहे, त्यासच त्या कामाच्या प्रतिष्ठेची गोष्ट ऐकवावी. आपली मुले शाळेत गेली, डॉक्टर, शिक्षक, अधिकारी झाली, याबद्दल तिळमात्र खंत बाळगण्याचे कारण नाही.

असो. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कक्षेत चर्मोद्योग आला, १९७४ मध्ये राज्यात चर्मोद्योगाचे स्वतंत्र महामंडळ झाले, आणि २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन पेढीने मिलान येथील प्रदर्शनात त्याच घाटाच्या चपला मांडल्या व मूळ स्थानाचा उल्लेखही केला नाही, तेव्हा मोठा गहजब झाला आणि भारतीय कारागिरीचे ऋण पेढीस मान्य करावे लागले. मानांकन नावाचे रक्षण करते. हाताचे रक्षण करावयाचे तर हात शिकलेला असावा लागतो.

या संदर्भात एक गोष्ट आवर्जून लिहितो. कोल्हापुरी चपलेची वेणी, पट्ट्यावरील नक्षी, गोंडे आणि बारीक शिवण यांचा मोठा भाग समाजभगिनी करीत आल्या. पुरुष तळ कापतो व ठोकतो, म्हणून चप्पल ‘त्याची’ ठरते. वेणी घालणे सासूकडून सुनेने आणि आईकडून लेकीने स्वयंपाक उरकल्यावर शिकलेले. बलुत्याच्या हिशेबात त्यांचे नाव नव्हते, आणि ‘वडिलोपार्जित’ या शब्दातही नाही. पण प्रत्येक वेणीचे, प्रत्येक नक्षीचे नाव घरातील वृद्ध स्त्रियांसच ठाऊक असते. ती नावे लिहून घेण्यास वही आणि पेन्सिल पुरे.

आज पुण्या-मुंबईत सुखवस्तू घरांतील तरुण पैसे भरून हातशिवणीचे वर्ग करतात, परदेशी आरी व दोन सुया मागवितात, आणि आपण जी वर सांगितली तीच दोन टोकांची शिवण शिकतात. त्यांचा राग येण्याचे कारण नाही. आपल्यापैकी ज्यांच्या माळ्यावर आजोबांची कुंडी व आरी अजून आहे, त्यांच्या मुलांनीही सुटीत हौसेने एकदा बसून पाहावे. वीतभर लांबीचे दोन जाड तुकडे घ्यावे, बेताचे ओलसर करावे, कडेपासून सारख्या अंतरावर रेघ ओढून आरीने छिद्रे पाडावी. दोरा शिवणीच्या चौपट घ्यावा, मेण लावावे, दोन्ही टोकांस सुया ओवाव्या. शिवण पूर्ण वाळली की मधला एक टाका रापीने कापावा आणि दोन्ही तुकडे ओढून पाहावे. मग हेच दुसऱ्या जोडीवर बिनमेणाच्या दोऱ्याने करावे. फरक बोटांना लगेच कळतो.