पावसाळी रस्ते आणि दुचाकीस्वार : सिंधुदुर्गातील दक्षता

सिंधुदुर्ग जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंबोलीत हे प्रमाण दुपटीहूनही जास्त असते. वाड्या-वस्त्या विखुरलेल्या असल्याने बाजारहाट, शाळा, नोकरी यांसाठी येथे दुचाकीला पर्याय कमीच. त्यामुळे पावसात गाडी चालवावी की नाही, हा प्रश्न येथे गौण ठरतो. ती कशी चालवावी, हे जाणून घेणे अधिक महत्त्वाचे आहे.

पहिल्या सरीचा धोका

मुसळधार पावसापेक्षा मृगाची पहिली सर अधिक फसवी असते. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ थोड्याशा पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. जोराच्या पावसाने तो धुऊन जाईपर्यंत थांबणे श्रेयस्कर. पुढे आषाढ-श्रावणात धोक्याचे स्वरूप बदलते. कडेच्या जांभ्या मातीचा तांबडा चिखल डांबरावर येतो, झाडांच्या सावलीतील वळणांवर शेवाळ धरते, माडाच्या झावळ्या आडव्या पडतात. तारकर्लीसारख्या किनारी भागात रस्त्यावर वाळूही येते. मोकळ्या सड्यावर समुद्राकडून येणारा वारा गाडीला एकाएकी बाजूला ढकलतो. अशा ठिकाणी हँडल घट्ट आवळून न धरता वेग कमी करणे हाच उपाय.

वेग आणि ब्रेक

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास चौपट अंतर लागते. ताशी ४० किलोमीटर वेगात, चालकाने ब्रेक दाबण्यापूर्वीच एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. ओल्या रस्त्यावर टायरची पकड घटल्याने पुढचे अंतरही वाढते. म्हणून पुढील वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हळूहळू दाबावेत आणि वेग वळणापूर्वी कमी करावा, वळणात नव्हे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. ही यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही. मात्र निसरड्या रस्त्याला पकड देणे तिच्या हाती नाही.

चौपदरी महामार्गावरून येणारा चालक कसालला मालवणच्या रस्त्याला वळतो, तेव्हा महामार्गावरील वेगाची सवय सुटलेली नसते. अरुंद रस्त्यावरील पहिल्या काही वळणांवर हे भान हवे. आंबोली, फोंडा, करूळ या घाटांत उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. खालच्या गिअरमध्ये ठेवावी. धुक्यात दिवा डिपरवर असावा.

पाण्याखालचा रस्ता

कर्ली, गड, तेरेखोल या नद्यांना पूर आला की सखल पूल आणि कॉजवे पाण्याखाली जातात. दुचाकीला वाहून नेण्यास गुडघाभर वाहते पाणीही पुरे. शिवाय त्याखालचा रस्ता शाबूत आहे की नाही, हे दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील पूल कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह अन्य वाहने पुरात गेली. पुढे पूल उरलेला नाही, हे अंधारात चालकांना कळण्यास वाव नव्हता. वाट रोजची असली तरी पाणी ओसरेपर्यंत थांबावे किंवा माघारी फिरावे. साचलेल्या पाण्यातून गेल्यास पुढे काही अंतर ब्रेक हलकेच दाबून ते सुकवून घ्यावेत.

निघण्यापूर्वी

टायरच्या खाचांतील झीजदर्शक उंचवट्यांपर्यंत रबर घासले असल्यास टायर बदलावा. खाऱ्या हवेने गंजणारी चेन आणि ब्रेकची केबल पावसाळ्याआधी तपासून घ्यावी. मागे बसणाऱ्याने छत्री उघडू नये. ओढणी, पदर व रेनकोटची टोके चाकापासून दूर ठेवावीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट आवश्यक आहे.

अपघात दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या कायदादुरुस्तीने संरक्षण दिले आहे.

गणेशोत्सवात चाकरमान्यांची वर्दळ वाढते, तेव्हाही पाऊस सरलेला नसतो. अशा दिवसांत घरून अर्धा तास आधी निघाल्यास रस्त्यावर घाई करण्याची वेळ येत नाही.