युंगफ्राउची गाडी, मे 1985

मे 1985. इंटरलाकेन ओस्टच्या फलाटावर सकाळची थंडी हाडांत शिरतेय. साडीखाली तुम्ही लोकरी मोजे आणि कॅनव्हासचे बूट घातलेत, वर नणंदेकडून मागून आणलेला ओव्हरकोट. शेजारी हे. यांचा हात सारखा कोटाच्या आतल्या खिशाकडे जातो, कारण तिथे दोघांचे पासपोर्ट आणि ट्रॅव्हलर्स चेक आहेत. परकीय चलन रिझर्व्ह बँकेच्या नियमानं मोजून मिळालंय. ते संपलं तर इथे कुणाकडे मागणार? युरो जन्मायला अजून बरीच वर्षं आहेत, त्यामुळे पॅरिसमध्ये फ्रेंच फ्रँक, इथे स्विस फ्रँक, पुढे इटलीत लिरा. दर सीमेवर बस थांबते, टूर मॅनेजर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून खाली उतरतो आणि तो परत येईपर्यंत बसमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही.

तुमचं लग्न 1964 चं. त्याच वर्षी 'संगम' आला होता. पडद्यावर राज कपूर आणि वैजयंतीमाला युरोपात मधुचंद्राला गेले, तुम्ही दोघं नेरळहून छोट्या गाडीनं माथेरानला. परतलात ते थेट गिरगावातल्या दोन खोल्यांत: सासू-सासरे, दोन दीर, मग मुलं, मग दिरांची लग्नं. गेली एकवीस वर्षं हे जेवायला बसले की तुम्ही वाढायला उभ्या. दोघांनी समोरासमोर बसून, कुणी मध्ये हाक न मारता जेवल्याचं तुम्हाला आठवत नाही. कर्ज, फंड आणि मोडलेल्या ठेवी यांतून उभ्या राहिलेल्या या सहलीत आयफेल टॉवर पाहून झालाय आणि तो सुंदरच आहे. पण माझं विचाराल तर अख्ख्या सहलीतला खरा दिवस आजचा.

गाडी लाउटरब्रुनेनला पोचते. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि त्यातल्या एका कड्यावरून जवळजवळ 300 मीटर खाली येणारा श्टाउबाख धबधबा. पाणी वाऱ्यावर अर्ध्यातच विखरून जातं. इथे गाडी बदलायची. पुढच्या गाडीच्या रुळांमध्ये दात्यांची पट्टी आहे, इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत चढ चढतं. मोटारींना मज्जाव असलेलं वेंगेन मागे पडतं आणि क्लाइने शायडेग येतं. उंची 2061 मीटर. म्हणजे कळसूबाई कधीच पायाखाली गेली, आणि खरी चढण अजून सुरूच व्हायची आहे.

इथून तिसरी गाडी. आयगरग्लेचर स्थानक मागे टाकून ती डोंगराच्या पोटात शिरते आणि पुढचे सुमारे सात किलोमीटर बोगदाच. हा मार्ग आडोल्फ गुयर-त्सेलर या झ्युरिककडच्या गिरणीमालकाच्या डोक्यातून निघाला. काम 1896 साली सुरू झालं, 1899 मध्ये तो वारला. सात वर्षांत होईल म्हटलेलं काम सोळा वर्षं चाललं. मजूर बहुतेक इटालियन. सुरुंग लावून ते इंचाइंचानं पुढे सरकले, कित्येक जण त्यात मेले. 1 ऑगस्ट 1912 ला गाडी वरपर्यंत पोचली. आपली माथेरानची गाडी 1907 ची, म्हणजे दोन्ही एकाच काळाची लेकरं. डोंगराला रूळ लावायची हिंमत त्या पिढीत इकडेही होती, तिकडेही.

अंधारातच गाडी थांबते. आयगरवांड. पाच मिनिटं उतरता येतं. आयगर शिखराच्या उत्तर कड्यातच खिडक्या कोरल्यात, ज्यांतून एकेकाळी बोगद्यातले दगड बाहेर ढकलत. काचेपलीकडे सरळ पोकळी आणि खूप खाली हिरवी कुरणं. याच कड्यावर 1936 मध्ये गिर्यारोहक टोनी कुर्त्स दोरीला लटकून गेला. सुटका करणारे त्याच्या पायाखाली काही मीटरवर होते. तुमचे पाय लटपटतात. हे तुमचा हात धरतात, चारचौघांत, आणि गाडीत परत बसेपर्यंत सोडत नाहीत. गिरगावात हे कधी घडलं नसतं.

युंगफ्राउयोख, 3454 मीटर. युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक. हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, दहा पावलांत धाप लागते. जुनं हॉटेल 1972 च्या आगीत जळालं, नव्या इमारतीचं काम चालू आहे. बर्फातच कोरलेल्या दालनांतून तुम्ही भिंतीला हात टेकत चालता. मग बाहेर उघड्यावर येता आणि समोर आलेच हिमनदी पसरलेली दिसते, आल्प्समधली सर्वांत लांब. तुम्ही वाकून मूठभर बर्फ उचलता. हे रोलमधल्या छत्तीसपैकी एक फोटो काढतात. दुसरा काढायचा की नाही, यावर दोघं विचार करता.

मग कोपऱ्यात बसून डबा उघडायचा. घरून आणलेल्या दशम्या केव्हाच संपल्या, पण चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी आहे, आणि हॉटेलच्या न्याहारीचा पाव. यांनी कॉफीचे दोन कप आणलेत. ते कप तुमच्या पुढ्यात ठेवतात, समोर बसतात आणि म्हणतात, "तू आधी घे." तुम्ही दोघं सावकाश जेवता. इथल्या टपाल कार्यालयातून मुलांना पाठवलेलं कार्ड तुमच्यानंतर घरी पोचेल, हे माहीत असूनही तुम्ही ते पाठवता.

स्वित्झर्लंड दाखवणारा 'चांदनी' सिनेमा यायला अजून चार वर्षं आहेत. तो आल्यावर आणि मग 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया'नंतर इथे हिंदी बोलणं जागोजागी ऐकू येऊ लागेल. 2001 मध्ये हा सगळा प्रदेश जागतिक वारसा ठरेल, आणि आलेच वर्षागणिक आक्रसत जाईल.

आज आयगरवांडला गाडी थांबत नाही. 2020 च्या डिसेंबरपासून ग्रिंडेलवाल्डहून नवी केबलकार आयगरग्लेचरपर्यंत नेते आणि पाऊण तास वाचवते. हे वाचणारे तुम्ही तिथे जाल तेव्हा तो पाऊण तास वाचवू नका. लाउटरब्रुनेन आणि वेंगेनवरून जुन्या गाडीनंच वर जा, आणि आई-वडील प्रवास करू शकत असतील तर त्यांना आधी पाठवा, दोघांनाच.