समुद्राची हद्द आणि माशाची वाट



चारठाणा कोठे आणि समुद्र कोठे, असे तुम्ही म्हणाल. पण जिंतूर तालुक्यातले ओढे पूर्णेला मिळतात, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला. मराठवाड्याच्या आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील येतात ते मात्र पश्चिमेकडून, अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरून. तेव्हा समुद्रातली मासळी टिकावी म्हणून राष्ट्राराष्ट्रांनी आपसांत काय ठरवले, ही हकीकत आपल्यालाही ऐकण्याजोगी आहे.

पहिला प्रश्न, समुद्र कोणाचा? सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले आणि त्यांनी ह्याचे उत्तर तोफेच्या जोरावर दिले. जहाज हाकारायचे तर आमचा परवाना घ्या! ह्या परवान्याला कार्ताझ म्हणत. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही कोकणच्या दर्यात आपले दस्तक चालू केले. पोर्तुगिजांच्या दाव्याला कागदावर उत्तर दिले ते ह्यूगो ग्रोशियस ह्या डच कायदेपंडिताने. १६०९ साली त्याचे ‘खुला समुद्र’ अशा अर्थाच्या नावाचे लॅटिन पुस्तक निघाले. समुद्र अफाट आहे, तो कोणाच्या कब्जात राहत नाही आणि एकाने वापरल्याने दुसऱ्याचे काही कमी होत नाही, असे त्याचे म्हणणे. मासे मात्र संपू शकतील, ही शंका त्याने जाता जाता बोलून दाखवली होती. जगाने सिद्धांत उचलला. शंका मागे राहिली.

शिडाची होडी आणि सुती जाळे होते तोवर ते चालून गेले. मग वाफेची आणि डिझेलची जहाजे आली, तळ खरवडणारी ट्रॉल जाळी आली, नायलॉनचा धागा आला. मोठ्या राष्ट्रांची जहाजे हजारो मैल जाऊन दुसऱ्याच्या दारातली मासळी नेऊ लागली. गायरान सगळ्यांचे म्हणून ज्याने त्याने वाटेल तितकी गुरे सोडली तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

ह्यावर तोड निघाली ती हद्दीची. भारताची सागरी हद्द १९५६ साली ६ मैल होती, ती १९६७ साली १२ सागरी मैल झाली. १९७६ साली कायदा झाला आणि १९७७ च्या जानेवारीपासून किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासळीवर आपला हक्क प्रस्थापित झाला. १९८२ साली संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र-कायद्याच्या कराराने ही रीत साऱ्या जगासाठी मान्य केली. भारताने तो करार १९९५ साली मंजूर केला. त्यात हक्काच्या जोडीला एक कर्तव्यही आहे. किती मासळी धरावी हे किनाऱ्याच्या राष्ट्राने ठरवावे आणि बेसुमार मासेमारी होऊ देऊ नये.

कर्तव्य विसरले तर काय होते, ते कॅनडाने पाहिले. १९७७ साली त्यानेही २०० मैल आपले केले आणि परकी जहाजे बाहेर काढली. पण त्यांच्या जागी स्वतःची जहाजे वाढवली. न्यूफाउंडलंडच्या दर्यातला कॉड मासा शतकानुशतके लोकांना पोसत आला होता, तो १९९२ साली इतका घटला की मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले! परक्याला हाकलले, पण मासा काही वाचला नाही.

आता आपल्या घरी या. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लावायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा निघायचे, हा कोळ्यांचा जुना रिवाज. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला आणि जून-जुलैच्या बंदीने त्या रिवाजाला कायद्याचा आधार दिला. तरीही पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीला, जेथे पापलेट हेच मुख्य धन, तेथे पापलेट रोडावल्याची तक्रार आहे. डोल जाळ्याच्या शेपटाकडची आस बारीक असते. जवळा-बोंबलांबरोबर पापलेटाची पिल्लेही त्यात सापडतात. पेरणीसाठी ठेवलेली ज्वारी दळून खाण्यासारखेच हे! २०२३ साली सरकारने पापलेटाला राज्यमासा ठरवले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी, ह्याहून लहान धरू नये, असे माप घालून दिले.

पण मासा काही हद्द ओळखत नाही. आपल्या राज्यघटनेप्रमाणे १२ मैलांच्या आतली मासेमारी राज्याकडे आणि बाहेरची केंद्राकडे; मासा दोन्हीकडे हिंडतो. कुपा, ज्याला टूना म्हणतात, तो तर अनेक राष्ट्रांची पाणी ओलांडतो. त्यासाठी हिंदी महासागराचा टूना आयोग १९९६ पासून सेशेल्स बेटांवरून काम पाहतो आणि भारत त्याचा सभासद आहे. जागतिक व्यापार संघटनेत २०२२ साली आणखी एक करार झाला. बेकायदा मासेमारीला आणि आधीच घटलेली मासळी धरायला सरकारी पैसा देऊ नये, असा तो करार सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आला. बाकीच्या सवलतींविषयीच्या वाटाघाटीत भारताने विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची मुदत मागितली. सरकारी पैशावर दूरचे समुद्र उपसणारी जहाजे आणि रोजच्या पोटासाठी दर्यात जाणारी होडी ह्यांना एकच माप कसे लावणार? हा प्रश्न रास्त आहे. मात्र मुदत मिळाली तरी पापलेटाची पिल्ले तोवर थांबणार नाहीत.

तात्पर्य, जिनीव्हात किंवा न्यूयॉर्कमध्ये सह्या होतात त्या लागतातच. त्यांच्यावाचून परक्या जहाजाला आवर घालता येत नाही. पण आपल्या जाळ्याची आस केवढी असावी, हे आपल्याच किनाऱ्यावर पाळावे लागते. आणि बाजारात बोटभर पापलेट स्वस्त मिळाले तरी ते नको म्हणणे, एवढे तर समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यालाही करता येईल.