खोताचे शेत ते शेठचे फार्महाऊस : अलिबागच्या जमिनीचा न सांगितलेला हिशेब

अलिबाग म्हटले की आज लोकांना बीच, बंगला आणि वीकेंड आठवतो. आंबेडकरी तरुणाला मात्र आधी चरी आठवली पाहिजे. 27 ऑक्टोबर 1933 ला अलिबाग तालुक्यातल्या याच चरी गावात कुळांनी ठरवले की खोत-सावकारांची जमीन कसायची नाही. परिसरातली 25 गावे संपात उतरली आणि तो 1939 पर्यंत चालला. सहा वर्षे शेते ओस होती. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली बहुतेक आगरी कुळांनी उपास काढले, रानातली लाकडे विकून पोरे जगवली, पण नांगर धरला नाही.

बाबासाहेब या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. बाबासाहेबांना फक्त दलितांचे पुढारी म्हणून चौकटीत बसवणाऱ्यांनी हा मोर्चा कोणाचा होता ते एकदा तपासावे. पुढे 1939 चा आणि 1948 चा कूळ कायदा आला, 1949 चा खोती निर्मूलन कायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरून कसणारे कूळ कायद्याने मालक झाले.

त्याच तालुक्यात आज किहीम, आवास, मांडवा, नागाव, वरसोली या पट्ट्यात कंपाऊंडच्या भिंती उभ्या आहेत. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तिथे भात होते. लोक म्हणतात, शेतकऱ्याने स्वतःच जमीन विकली, यात भांडण कसले? भांडण आहे, आणि ते विकणारा आणि घेणारा यांच्यापुरते नाही.

खारपट्टीतली शेती एकट्याची नसते. समुद्राचे पाणी अडवणारा बांध आणि पावसाचे पाणी सोडणारी उघाडी सगळ्या खातेदारांना मिळून सांभाळावी लागते. मधल्या दोन-चार शेतांत भराव टाकून बंगला झाला की पाण्याची वाट अडते आणि शेजारचे भात कुजते. बंगल्याचा मालक मुंबईत असतो, बांध फुटला तर मातीची पाटी उचलायला तो येत नाही. किनाऱ्यालगत बोअर मारून तलाव आणि लॉन पोसले की विहिरींत खारे पाणी शिरते. भातानंतर त्याच जमिनीत होणारा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा सगळ्यांना अभिमान आहे, तो काही लॉनवर उगवत नाही. कोळ्यांना मासळी वाळवायला आणि होडी ओढायला किनारा लागतो, पर्यटकाला तोच किनारा रिकामा आणि बिनवासाचा हवा असतो. नियम नाहीत असे नाही. किनारी बांधकामावर 1991 पासून सीआरझेडची बंधने आहेत. तरीही किहीमला बंगले उठले. त्यातला नीरव मोदीचा बंगला सरकारने मार्च 2019 मध्ये सुरुंग लावून पाडला, पण मालक देशभर बदनाम होऊन पळाल्यानंतर. वर्षभरात, मार्च 2020 मध्ये, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या वाहणारी रो-रो सुरू झाली आणि मुंबईची गाडी थेट गावात आली.

कुळाने रक्त आटवून मिळवलेली जमीन बाजारात गेली कशी? कूळ कायद्याचे कलम 43 सांगत होते की कूळ म्हणून मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. 2014 ला ते सैल केले. खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर जमीन आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरा आणि शेतकरी खरेदीदाराला विका. आकारणी म्हणजे किती, तर काही रुपये. कलम 63 प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, पण अधिसूचित पर्यटनस्थळे आणि थंड हवेची ठिकाणे इथे पर्यटनाला ‘औद्योगिक वापर’ ठरवून त्या कलमालाही वाट काढून दिलेली आहे. कसणाऱ्याच्या नावाने केलेल्या कायद्यात हॉटेलवाल्यासाठी दरवाजा ठेवायचा, हे फक्त कारकुनी डोक्याचे काम नव्हे.

आता आपल्या माणसांकडे या. 1957 ला जमीन कुळाला मिळाली. कुळाच्या शेतात मजुरी करणारा महार, कातकरी यांपैकी अनेकांच्या नावावर कूळ म्हणून नोंद नव्हती. नोंद नाही म्हणून जमीन नाही. बाबासाहेबांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच आधी बजावले होते: कूळ कायद्याने भूमिहीन अस्पृश्यांचे काही भले होणार नाही. म्हणून शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, असा आराखडा त्यांनी मांडला. त्यात विकण्याचा प्रश्नच नव्हता. तो स्वीकारला असता तर चरीच्या जमिनीचा आज प्लॉट झाला नसता. काहींना हे स्वप्नरंजन वाटते. मला अलिबागचा आजचा जमिनीचा भाव जास्त अवास्तव वाटतो.

महारांकडे होती ती वतनाची जमीन. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि जमीन नवीन शर्तीने परत मिळाली. तिचा बिगरशेती वापर करायचा तर बाजारभावाच्या निम्मा नजराणा. इकडे चाळीस पट आकारणी, तिकडे निम्मा बाजारभाव. एक आकडा शेतीसाठी विक्रीचा, दुसरा बिगरशेतीचा, म्हणून तुलना काटेकोर नाही, हे मान्य. शर्त आपल्या संरक्षणासाठी आहे, हेही मान्य. पण व्यवहारात काय होते? दलाल साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र लिहून घेतो, किरकोळ रक्कम हातावर ठेवतो आणि नजराणा भरायची ऐपत असलेल्या गिऱ्हाईकाला जमीन देतो. वाढलेला भाव दलालाचा, उरलेली जन्माची मजुरी वतनदाराची.

तिसरी जमीन गायरान. दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964-65 च्या सत्याग्रहांत लाखो माणसे तुरुंगात गेली ती भूमिहीनांना अशाच पडीक जमिनी मिळाव्यात म्हणून. पुढे 14 एप्रिल 1990 पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. पण ज्यांची नोंदच तलाठ्याने केली नाही ते आजही अतिक्रमणदार. पर्यटनासाठी जागा शोधणाऱ्याला अशी जमीन मोकळी दिसते, कारण तिथे कसणाऱ्याचे नाव कागदावर नाही.

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. गावातल्या पोरीने खानावळ चालवली तर ती शेठच्या बंगल्यावर भांडी घासण्यापेक्षा बरी. पण 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाचाही पाया सातबारा हाच आहे. ज्याच्याकडे तो नाही त्याने काय करायचे, ताट वाढायचे?

म्हणून कोकणातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी एक काम हातात घ्यावे. पर्यटनाचा ठराव ग्रामसभेत येण्याआधी तलाठ्याकडून दोन नोंदवह्यांच्या नकला काढाव्यात. गाव नमुना 1-क मध्ये वतनाच्या आणि कुळाच्या वर्ग दोनच्या जमिनी सापडतात, 1-ई मध्ये अतिक्रमणाच्या नोंदी. 1-ई मध्ये ज्यांची नावे सुटली आहेत त्यांचे जुने दंडाच्या पावत्यांचे कागद, पंचनामे, म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच गोळा करा. जमिनीची मोजणी सुरू झाल्यावर हे कागद शोधायला वेळ मिळत नाही.