जनाबाईचें जातें आणि संतांचे बोलपट

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या तीरीं वसलेलें गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. दमा आणि करुंड हीं तिच्या मातापित्यांचीं नांवें परंपरेनें सांगितलीं आहेत. बापानें तिला लहानपणींच पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या घरीं ठेविलें आणि त्याच घरांत, नामदेवाच्या कुटुंबाची दासी म्हणून, तिचें सारें आयुष्य गेलें. नामदेवानें १३५० सालीं समाधि घेतली. जनाबाईच्या देहावसानाचा काळही तोच मानितात. तिच्या नांवावर असलेले सुमारें साडेतीनशें अभंग नामदेवाच्या गाथेबरोबर आजवर चालत आले आहेत.

ह्या अभंगांत एक गोष्ट विलक्षण आहे. जनीचा विठ्ठल शंखचक्र धारण करून, आकाश उजळीत येत नाहीं. तो जात्याचा खुंटा धरावयास येतो, केर भरतो, पाणी वाहतो, तिचे केंस विंचरतो. तेथें काम आधीं येतें आणि चमत्कार मागून येतो. आणि चमत्कार घडल्यावरही दळण दळावयाचें उरतेंच. संतांची चरित्रें पडद्यावर आणणाऱ्या नटांची पारख करावयाची झाली तर ह्याहून चांगली कसोटी मिळणें कठीण. कारण देव प्रकट करणें हें कॅमेऱ्याला फारसें अवघड नाहीं. दादासाहेब फाळक्यांनीं मूकपटाच्या आरंभकाळींच तें करून दाखविलें होतें. अवघड आहे तें संताचें घर उभें करणें, त्या घरांतील भाकरीची विवंचना खरी वाटेल असें करणें.

मराठी संतपटांचा बहराचा काळ १९३५ ते १९४९ असा धरितां येईल. त्यांतील प्रमुख चित्रपट पुण्याच्या प्रभात कंपनीचे. आरंभ झाला तो गोदातीरींच, पण गंगाखेडच्या वरच्या अंगाला असलेल्या पैठणच्या एकनाथापासून. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ ह्या १९३५ च्या बोलपटांत एकनाथाची भूमिका बालगंधर्वांनीं केली. अस्पृश्यांना आपल्या पंक्तीस जेवूं घालणाऱ्या ह्या संताच्या चित्रपटाचें मूळ नांव ‘महात्मा’ असें होतें. परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळें तें बदलावें लागलें. ज्या नटानें सारी हयात रुक्मिणी, भामिनी आणि सिंधू रंगविण्यांत घालविली, त्यानें येथें पुरुषवेष घेतला. एकनाथाचें सौजन्य त्यांच्या वाणींत सहज उतरलें. परंतु देहाला ह्या नव्या वेषाचा आणि कॅमेऱ्याच्या जवळिकीचा सराव नव्हता. १९१९ च्या ‘एकच प्याला’ नाटकांत हेच बालगंधर्व सिंधू होऊन जात्यापाशीं बसत, तेव्हां प्रेक्षकांचे डोळे पाणावत. ‘धर्मात्म्या’ंतील एकनाथाला वाणी लाभली, जातें लाभलें नाहीं.

ती उणीव पुढच्याच वर्षीं भरून निघाली. दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालीं प्रकाशित झाला, मुंबईंत एका वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हेही एके काळीं ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळींत स्त्रीभूमिका करीत असत आणि पुढें भजनगायनांत रमले होते. त्यांचा तुकाराम बोलण्यापेक्षां ऐकतो अधिक. बायको रागें भरते तेव्हां तो उत्तर शोधीत नाहीं. जणूं दूर कोणाचा तरी आवाज कानीं येत असावा तसा उभा राहतो. अनुतापदग्ध, प्रसंगीं अति कठोर भाषा वापरणारा गाथेंतील तुकाराम ह्या सौम्य मूर्तींत पुरा सांपडत नाहीं, हें खरें. तथापि पागनिसांच्या ठायीं कृत्रिमतेचा लेश नव्हता, आणि म्हणूनच त्यांची मुद्रा कित्येकांच्या मनांत तुकारामाचीच मुद्रा होऊन बसली.

पण ह्या चित्रपटाला जमिनीवर धरून ठेवणारी व्यक्ति जिजाई ही आहे. महिपतीनें अठराव्या शतकांत लिहिलेल्या संतचरित्रांपासून तुकारामाची ही दुसरी पत्नी कजाग म्हणूनच लोकांपुढें आली. ज्या घरांत १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत पहिली पत्नी अन्नान्न करीत मेली, त्या घरांत मुलांना रोज खावयास काय घालावें हा प्रश्न जिचा तिलाच सोडवावा लागला, तिच्या तोंडीं गोड शब्द कोठून येणार? परंतु हा विचार करण्यास चरित्रकारांना सवड झाली नाहीं. तो विचार गौरी ह्या नटीनें करून दाखविला. प्रभातमध्यें हलक्यासलक्या कामावर लागलेली ही बाई किरकोळ भूमिका करीत करीत येथवर आली होती. म्हैस सांभाळणारी, शेण हातानें उचलणारी तिची जिजाई पाहतांना अभिनय चालला आहे ह्याचें भानच राहत नाहीं. आजारी पोराला फरफटत देवळांत नेऊन, हातांत पायताण घेऊन ती विठोबाला जाब विचारते, तो प्रसंग हास्य आणि करुणा ह्यांच्या सीमेवरचा आहे. प्रेक्षक हंसतो, आणि दुसऱ्याच क्षणीं त्याला उमगतें कीं, ह्या बाईचा देवावर हक्क आहे, कारण तिच्या भुकेचा हिशेब त्याच्याकडे येणें आहे. शेवटीं तुकाराम वैकुंठास जातो. जिजाई पोरांपाशीं राहते. इतिहासाच्या दृष्टीनें ह्या चित्रपटांत आक्षेपार्ह कांहीं थोडें नाहीं. तुकारामाचा विरोध करणारा इतिहासांतील मुख्य पुरुष रामेश्वरभट्ट. चित्रपटांत दुष्टपणाचा बहुतेक भार सालोमालोवर पडला आहे, ज्याचें अभंगांत केवळ ओझरतें नांव येतें. भागवतांनीं तो रंगतदार केला, तरी तो रंगभूमीवरचा खलपुरुषच राहिला. जिजाईच्या बाबतींत मात्र चित्रपटानें पोथीहून अधिक न्याय केला.

१९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’ मध्यें हें प्रमाण पालटलें. शाहू मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांतील नट. त्यांच्या चेहऱ्यावरील निर्मळ शांति ज्ञानेश्वरास शोभून दिसली, आणि धर्मानें भिन्न असलेल्या नटाला वारकऱ्यांनीं आपल्या माउलीच्या रूपांत आनंदानें पाहिलें. पण चालणारी भिंत आणि वेद बोलणारा रेडा ह्यांपुढें माणसें मागें सरलीं. वाळीत पडलेल्या त्या चार भावंडांनीं भिक्षा मागून दिवस कसे काढिले, हा खरा जीव पिळवटून टाकणारा भाग यंत्रकौशल्याच्या छायेंत राहिला.

पुढल्याच वर्षीं ‘संत सखू’ आला. सखूला पंढरीस जातां यावें म्हणून प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या जागीं खांबाला बांधून घेतो आणि तिच्या घरचीं कामें करितो, ही कथा जनीच्या अभंगांची जणूं सख्खी बहीण. सखूची भूमिका हंसा वाडकर यांनीं केली आणि छळणारी सासू झाली तीच गौरी. कालची जिजाई आज सासू होऊन उभी राहिली, तरी घरकामाच्या सवयीनें कणखर झालेले तिचे हात तेच होते.

१९४९ सालीं ‘संत जनाबाई’ हा चित्रपट निघाला. त्याच्या आदल्या वर्षीं, सप्टेंबर १९४८ मध्यें, निजामाची राजवट संपून परभणीचा मुलूख मोकळा झाला होता. जनीची भूमिका पुन्हां हंसा वाडकरांकडे आली. ह्या नटीनें १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ मध्यें तमाशांतील बया रंगविली होती आणि तीच आतां विठ्ठलाची दासी झाली, ह्याचें कित्येकांना नवल वाटलें असेल. परंतु तिचें चरित्र पाहतां नवलाचें कारण उरत नाहीं. घरची मिळकत अपुरी पडूं लागली तेव्हां अगदीं कोवळ्या वयांत ती चित्रपटांत आली, आणि पुढें कुटुंबाचा भार तिच्याच कमाईवर राहिला. तिनें पुढें ‘सांगत्ये ऐका’ ह्या आत्मकथनांत आपल्या आयुष्याची कहाणी निर्भीडपणें सांगितली. १९७७ चा ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट त्याच कहाणीवर आधारला आहे. दुसऱ्यांच्या घरचें दळण आयुष्यभर दळणें म्हणजे काय, हें तिला कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

संतपट हे इतिहासाचे कागद नव्हेत; सनावळीसाठीं कोणी ते पाहूं नयेत. परंतु बखरी आणि पोथ्या ज्या माणसांना एका ओळींत आटोपतात, त्यांना चांगला नट देह देतो, दम लागलेला श्वास देतो, खरबरीत हात देतो. बालगंधर्वांचें गाणें आणि पागनिसांचें भजन स्मरणांत राहतें तें योग्यच आहे. पण त्यांच्या शेजारीं गौरीची जिजाई आणि हंसा वाडकरांच्या कामकरी संतस्त्रिया ह्यांनाही मानाचें स्थान दिलें पाहिजे. गंगाखेडच्या दासीनें सुमारें सातशें वर्षांपूर्वीं देवाला जात्यापाशीं बसविलें, आणि पडद्यावरील भक्ति जेथें जेथें खरी उतरली, तेथें तेथें ती त्याच जात्याजवळ उतरली आहे.