प्रोग्राम संपतो आणि विंडो मिटते तेव्हा...

'सी' किंवा 'पायथन' यांसारखी संगणकीय भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही दिवसांतच एक अनुभव हमखास येतो. दोन संख्यांची बेरीज करणारा छोटासा प्रोग्राम तो लिहितो, तयार झालेल्या फाइलवर माऊसने दोनदा क्लिक करतो. क्षणभर एक काळी विंडो चमकते आणि उत्तर वाचण्यापूर्वीच नाहीशी होते. आपलेच काहीतरी चुकले, अशी त्याची समजूत होते. बहुतेक वेळा प्रोग्राम अगदी बिनचूक चाललेला असतो. मात्र तो खरोखरच चुकतो, तेव्हा चूक नेमकी कोठे झाली हे सांगणारा संदेशही त्याच विंडोबरोबर जातो. खरे नुकसान होते ते येथे.

विंडो नेमकी कोणाची?

या काळ्या विंडोला 'कन्सोल' म्हणतात. विंडोज प्रणालीत अशा प्रोग्रामवर थेट क्लिक केले, की प्रणाली त्याच्यासाठी नवे कन्सोल उघडते. कन्सोलशी जोडलेला शेवटचा प्रोग्राम संपला, की ते बंद करावे, असा प्रणालीचा नियम आहे. येथे पहिला आणि शेवटचा प्रोग्राम एकच असतो. बेरीज करून उत्तर छापायला संगणकाला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. त्यामुळे विंडो उघडते न उघडते तोच मिटते.

याउलट 'कमांड प्रॉम्प्ट' आधी उघडून तेथे प्रोग्रामचे नाव टाइप केले, तर प्रोग्राम त्याच कन्सोलमध्ये चालतो. तो संपला तरी कमांड प्रॉम्प्ट कन्सोलशी जोडलेलाच असतो. साहजिकच विंडो उघडी राहते आणि उत्तरही समोर राहते.

'गेटसीएच'ची सवय

बोर्लंड कंपनीचे 'टर्बो सी' १९८७ मध्ये, तर 'टर्बो सी++' १९९० मध्ये आले. डॉसचा जमाना सरल्यावरही भारतातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत त्यावरच धडे दिले जात. तेथे प्रोग्राम संपताच संपादनाचा निळा पडदा पुन्हा पुढे येई आणि उत्तर त्यामागे झाकले जाई. 'ऑल्ट' आणि 'एफ-५' या कळा एकत्र दाबल्यावर ते दिसे. त्यापेक्षा प्रोग्रामच्या शेवटी 'गेटसीएच' लिहिणे सोपे. कोणतीही कळ दाबेपर्यंत प्रोग्राम थांबतो, एवढेच तिचे काम. विद्यार्थ्यांच्या पिढ्या मात्र ही ओळ भाषेचाच भाग समजून पाठ करीत आल्या. वस्तुत: 'सी'च्या १९८९ च्या प्रमाणित स्वरूपात ती नव्हती आणि नंतरही आली नाही.

थांबवण्याचे मार्ग

'सी'मध्ये 'गेटचार', 'सी++'मध्ये 'सिन.गेट' आणि पायथनमध्ये 'इनपुट' वापरून प्रोग्रामला शेवटी 'एंटर'ची वाट पाहायला लावता येते. यात दोन अडचणी आहेत. आधी वापरकर्त्याकडून संख्या घेतली असेल, तर त्या वेळी दाबलेला 'एंटर' वाचायचा शिल्लक राहिलेला असू शकतो. 'गेटचार' किंवा 'सिन.गेट' तोच उचलते आणि प्रोग्राम न थांबता संपतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. चूक होऊन प्रोग्राम मध्येच बंद पडला, तर शेवटच्या ओळीपर्यंत तो पोहोचतच नाही. म्हणजे संदेश वाचण्याची सर्वाधिक गरज असते, नेमका तेव्हाच हा उपाय निरुपयोगी ठरतो.

प्रोग्राममधून 'पॉज' ही आज्ञा देण्याची पद्धतही रूढ आहे. परंतु ती आज्ञा विंडोजची असल्याने तोच प्रोग्राम लिनक्सवर नेला, की ती चालत नाही.

म्हणून प्रोग्रामला हात न लावता विंडोच उघडी ठेवणे श्रेयस्कर. कमांड प्रॉम्प्टला 'के' हा पर्याय जोडून प्रोग्राम सुरू केला, तर काम संपल्यावरही विंडो राहते. 'पॉवरशेल'मध्ये यासाठी 'नो-एक्झिट' हा पर्याय आहे. पायथनला 'आय' हा पर्याय दिला, तर प्रोग्राम चुकून थांबला तरी पायथन पुढील आज्ञेची वाट पाहत राहते. 'व्हिज्युअल स्टुडिओ'मध्ये 'कंट्रोल' आणि 'एफ-५' एकत्र दाबावे. २०१९ च्या आवृत्तीपासून नुसते 'एफ-५' दाबले तरी विंडो आपणहून बंद होत नाही. लिनक्सच्या 'एक्सटर्म'मध्ये 'होल्ड' हा पर्याय आहे, तर 'ग्नोम टर्मिनल'मध्ये हीच सोय सेटिंगमध्ये मिळते.

घरी सोय, कार्यालयात खोळंबा

विद्यार्थ्याच्या टेबलावर निरुपद्रवी असलेली 'पॉज' कार्यालयात महागात पडू शकते. समजा, रोज रात्री हिशेबाच्या फाइलींची प्रत काढणारी बॅच फाइल विंडोजच्या 'टास्क शेड्युलर'वर सोपवली आहे आणि तिच्या शेवटी 'पॉज' राहून गेले आहे. पहिल्या रात्री प्रत निघते. परंतु कळ दाबायला तेथे कोणीही नसते आणि विंडोही पडद्यावर दिसत नाही. काम 'चालू' असल्याचीच नोंद राहते. आधीचे काम चालू असताना तेच पुन्हा सुरू करू नये, अशी शेड्युलरची मूळ सेटिंग असते. त्यामुळे दुसऱ्या रात्रीची प्रत निघत नाही. अडकलेले काम ३ दिवसांनंतर थांबवावे, हीदेखील मूळ सेटिंगच. त्या दरम्यान संगणक बिघडला, तर आपल्याकडे ताजी प्रत नाही, हे तेव्हाच लक्षात येते.

अशा कामांसाठी विंडोऐवजी नोंदवही हवी. आज्ञेपुढे '>' हे चिन्ह आणि फाइलचे नाव लिहिले, की पडद्यावर येणारा मजकूर त्या फाइलमध्ये उतरतो. चुकांचे संदेश वेगळ्या वाटेने येतात; त्यांच्यासाठी चिन्हाच्या आधी २ हा आकडा जोडून दुसरी फाइल द्यावी लागते. सकाळी या दोन फाइली उघडल्या, की रात्री काय घडले ते कळते.

थोडक्यात, माणूस समोर बसलेला असेल तर कमांड प्रॉम्प्ट आधी उघडून त्यात प्रोग्राम चालवावा आणि कोणी समोर नसेल तर मजकूर फाइलमध्ये साठवावा. कळ दाबण्याची वाट पाहणारी ओळ प्रोग्राममध्ये ठेवायचीच असेल, तर तो दुसऱ्याच्या हाती सोपवण्यापूर्वी ती आठवणीने काढून टाकावी.