जुनी स्टेशन-वॅगन आणि उत्तरेचा हिवाळा

मोटारगाडीच्या इतिहासांत शोध लावणाऱ्यांचीं आणि कारखाने काढणाऱ्यांचीं नांवें मोठ्या अक्षरांत आढळतात. गाडी घरीं आल्यावर ती वर्षानुवर्षें चालती कोणी ठेवली आणि कशी ठेवली, याची नोंद मात्र क्वचितच होते. वास्तविक यंत्राचें खरें आयुष्य तें विकत घेतल्यानंतरच सुरू होतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन, मिनेसोटा, व्हर्मांट, मेन या उत्तरेकडील राज्यांत जुनी स्टेशन-वॅगन हिवाळ्यांतून पार नेण्यासाठीं जी खटपट झाली, ती या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. तेथें पारा शून्याखालीं वीस-तीस अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरतो आणि बर्फ महिनोन्‌महिने जमिनीवर राहतो. शेतापासून शाळा, बाजार आणि डॉक्टर हीं सर्व कित्येक मैल दूर असत. अशा ठिकाणीं एखाद्या पहांटे गाडी सुरू न होणें ही नुसती गैरसोय नव्हती. प्रसंगीं तो जीवन-मरणाचा प्रश्न होई.

स्टेशन-वॅगन हें नांवच तिचें मूळ सांगतें. रेल्वे-स्टेशनावर उतरलेले प्रवासी आणि त्यांच्या पेट्या-वळकट्या मुक्कामीं पोंचविण्यासाठीं, मोटारीच्या लोखंडी सांगाड्यावर सुतारांकडून लांकडी बॉडी चढवून घेण्याची चाल विसाव्या शतकाच्या आरंभीं पडली. १९२३ सालीं स्टार या गाडीच्या कारखानदारांनीं अशी तयार वॅगन विकावयास काढली, आणि १९२९ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या ‘मॉडेल ए’ गाडीवर ती मोठ्या प्रमाणावर बांधण्यास सुरुवात केली. मिशिगनच्या उत्तर भागांत या कंपनीच्या मालकीचीं जंगलें होतीं, व तेथेंच आयर्न माउंटन गांवीं तिचा लांकूडकामाचा कारखाना होता. मेपलची भक्कम चौकट आणि तींत बर्चसारख्या लांकडाच्या फळ्या, असें या बॉडीचें स्वरूप असे. तें काम पाहतांना मोटारीपेक्षां उत्तम कपाटाची आठवण व्हावी.

परंतु कपाट घरांत उभें असतें आणि वॅगन उघड्यावर धांवते. लांकूड ओलाव्यानें फुगतें, कोरड्या थंडींत आकसतें, आणि रस्त्याचे धक्के सोसतां सोसतां त्याचे सांधे ढिले होतात. ढिल्या सांध्यांत पाणी शिरलें कीं तें लवकर सुकत नाहीं, आणि तेथून लांकूड आंतल्या आंत कुजूं लागतें. म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनीं, हिवाळा लागण्यापूर्वीं, जुनें व्हार्निश कांच-कागदानें घासून काढावें, पाण्यानें पडलेले काळे डाग ऑक्झॅलिक आम्लानें उतरवावे आणि नव्या व्हार्निशचे हात द्यावे, असा परिपाठ होता. बोल्ट आवळावे लागत. कुजलेला भाग कापून तेथें नव्या लांकडाचा सांधा बसवावा लागे. छप्पर लांकडी पट्ट्यांवर ताणलेल्या रोगणी कापडाचें असे; त्याला बारीकशी चीर पडली तरी वितळलेल्या बर्फाचें पाणी नेमकें चौकटींत उतरे. शिडाच्या होडीचा मालक आपल्या होडीची जी निगा राखतो, तीच या गाडीच्या मालकाला राखावी लागे.

आरंभींच्या काळांत हिवाळ्यांत गाडी बंद ठेवण्याचीच रीत होती. घसरगाड्यांसाठीं रस्त्यावरील बर्फ अवजड रुळांनीं दाबून सपाट करीत, आणि मोटार ठोकळ्यांवर उचलून वसंत ऋतूपर्यंत कोठारांत ठेवून देत. पुढें १९२० नंतरच्या दशकांत राज्यांनीं रस्त्यांवरील बर्फ नांगरांनीं बाजूस सारण्यास आरंभ केला. चाकांभोंवतीं गुंडाळावयाच्या सांखळ्या तर त्यापूर्वींच निघाल्या होत्या; न्यूयॉर्क राज्यांतील हॅरी वीड यांनीं त्यांचें पेटंट १९०४ सालीं घेतलें होतें. रस्ता मोकळा झाला तशी मोटारीची हिवाळ्याची सुट्टीहि संपली, आणि थंडीशीं खरी झुंज सुरू झाली.

या झुंजींत पहिला शत्रू म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठीं घातलेलें पाणीच. पाणी गोठतांना त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें, आणि या वाढीपुढें ओतीव लोखंडहि टिकत नाहीं. एका रात्रींत इंजिनाला तडा जाई. म्हणून रात्रीं रेडिएटरमधील सर्व पाणी सोडून द्यावयाचें आणि सकाळीं चुलीवर तापविलेलें पाणी भरावयाचें, हा सर्वांत स्वस्त उपाय होता. ज्यांना तें शक्य नसे ते पाण्यांत मद्यार्क मिसळीत. पण इंजिन तापलें कीं मद्यार्क उडून जाई आणि मिश्रण नकळत पातळ होई. त्यामुळें घनता मोजण्याची नळी जवळ बाळगून तें पुनःपुन्हां तपासावें लागे. १९२७ सालीं ‘प्रेस्टोन’ या नांवानें ग्लायकोल बाजारांत आलें. तें सहसा उडून जात नाहीं, आणि निम्म्या पाण्यांत मिसळलें असतां शून्याखालीं सुमारें ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं. तें महाग असल्यामुळें पुष्कळ घरांत मात्र तापविलेल्या पाण्याची किटलीच कित्येक वर्षें कामास येत राहिली.

दुसरी अडचण वंगणाची. थंडीनें तेल काकवीसारखें घट्ट होई आणि इंजिन हातानें फिरेनासें होई. फोर्डच्या जुन्या ‘मॉडेल टी’ गाडीचें एक मागचें चाक जॅकनें उचलून मग हँडल मारण्याची युक्ति सर्वश्रुत होती. कारण घट्ट तेलामुळें त्या गाडीचा गिअर पूर्णपणें सुटत नसे आणि इंजिनाबरोबर चाकहि फिरूं पाही. हँडल उलटें फिरून मनगट मोडण्याचे प्रकारहि थोडे होत नसत. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत आला आणि हें संकट ओसरलें. पण त्याच्याबरोबर बॅटरी सांभाळण्याचें नवें काम आलें. शून्याखालीं १८ अंशांवर बॅटरीची शक्ति निम्म्याहूनहि कमी होते, आणि इंजिनाला तर त्याच वेळीं अधिक जोर हवा असतो. पूर्ण भरलेली बॅटरी सहसा गोठत नाहीं. उतरलेली मात्र साध्या हिमांतच गोठून फुटते. म्हणून कडक थंडीच्या रात्रीं ती काढून घरांत उबेला आणून ठेवीत.

या सर्व विद्येची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धांत झाली. १९४२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील खासगी मोटारींचें उत्पादन थांबविण्यांत आलें. जपाननें मलाया आणि डच इंडीज जिंकल्यामुळें रबर मिळेनासें झालें, आणि टायर ही पहिली नियंत्रित वस्तु ठरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पेट्रोलचें नियंत्रण सर्व देशभर लागू झालें, व वेगाची मर्यादा ताशीं ३५ मैल झाली. आयर्न माउंटनचे सुतार वॅगनी सोडून सैन्यासाठीं लांकूड-कापडाचीं ग्लायडर विमानें बांधूं लागले. त्या कारखान्यांतून अशीं ४ हजारांहून अधिक विमानें बाहेर पडलीं. जी गाडी दारांत होती तीच आतां युद्ध संपेपर्यंत पुरवावयाची होती.

हिवाळ्यांत या नियंत्रणांचा एक विपरीत परिणाम होई. पेट्रोल वांचविण्यासाठीं गाडी थोडी, हळू आणि जवळच न्यावयाची. पण तेवढ्या अंतरांत इंजिन पुरतें तापत नाहीं. आंत दंव सांचतें, तें तेलांत मिसळून त्याचा चिखल होतो, आणि बॅटरीहि भरून निघत नाहीं. म्हणजे ज्या जुन्या गाडीला जपावयाचें तिचीच झीज काटकसरीमुळें वाढे. यावर उपाय एकच होता : तेल वेळेवर बदलावें, आठवड्याचीं सर्व कामें एकाच फेरींत उरकावीं, रेडिएटरवर पुठ्ठा बांधून इंजिनाची ऊब राखावी, आणि जो खिळा किंवा सांधा सैल दिसेल तो त्याच दिवशीं आवळावा. १९४१ सालीं त्या देशांत सुमारें २ कोटी ९६ लक्ष खासगी मोटारी नोंदलेल्या होत्या. १९४४ सालीं त्या सुमारें २ कोटी ५६ लक्ष होत्या. नव्या मोटारी जवळजवळ मिळत नसतांना तीन हिवाळ्यांत एकंदर संख्या सातांत एक या प्रमाणांतच घटली. हें श्रेय गल्लीतील मिस्त्र्यांचें आणि घरोघरच्या निगेचें होय.

याच सुमारास गाडीचा एक नवा शत्रू रस्त्यावर उतरत होता, आणि तो मित्राच्या वेषांत आला. पाण्यांत मीठ विरघळलें म्हणजे तें शून्य अंशावर गोठत नाहीं. या गुणाचा उपयोग करून न्यू हँपशायर राज्यानें १९३८ च्या हिवाळ्यांत रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यांत सबंध देशांत सुमारें ५ हजार टन मीठ रस्त्यांवर पडलें. आज तें प्रमाण वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास आहे. रस्ते मोकळे झाले, अपघात टळले, यांत शंका नाहीं. परंतु खारें पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या तळाला, सांध्यांना आणि ब्रेकच्या नळ्यांना लागलें कीं लोखंड झपाट्यानें गंजूं लागतें.

युद्धानंतर गिऱ्हाइकाला लांकडाची दगदग नकोशी झाली होती. विलिस-ओव्हरलँड कंपनीनें १९४६ सालीं संपूर्ण पोलादी बॉडीची जीप स्टेशन-वॅगन काढली. तिच्यावर रंगानें लांकडाचा आभास मात्र निर्माण केला होता. १९४९ सालीं प्लिमथची पोलादी वॅगन आली. फोर्डची खऱ्या लांकडाची वॅगन १९५१ सालीं बंद झाली आणि त्याच वर्षअखेर आयर्न माउंटनचा कारखानाहि मिटला. ब्युइकनें १९५३ पर्यंत लांकूड राखलें. त्यानंतर तें गेलेंच.

पोलादी गाडीला व्हार्निश नको, सुतार नको, हें खरें होतें. आणि लांकडी गाडीचा सांगाडा, मडगार्डें हीं लोखंडाचीं असल्यामुळें मिठापासून तीहि सुटत नव्हती, हेंहि खरें. पण निगा राखण्याचें काम संपलें नाहीं. तें दृष्टीआड झालें, इतकेंच. लांकडाचा रोग डोळ्यांस दिसे : व्हार्निश उडे, फळी काळी पडे, दार करकरे, आणि मालक सावध होई. पोलादाचा गंज मात्र पत्र्याच्या दुहेरी घडींत, रंगाच्या आड, वर्षानुवर्षें पोखरीत राही. आणि बाहेर फोड दिसेपर्यंत आंतला पत्रा चाळणी झालेला असे. कारखान्यांतच पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्याची पद्धत सर्वत्र रूढ होण्यास पुढें कित्येक दशकें लागलीं. तोंपर्यंत जुनी वॅगन बाळगणाऱ्यांनीं आपला जुना परिपाठच नव्या रूपानें चालविला. हिवाळ्यापूर्वीं तळाला तेलाचा हात द्यावा, बर्फ वितळलेल्या उबदार दिवशीं गाडीचा तळ गोड्या पाण्यानें धुवावा, पाणी वाहून जाण्यासाठीं दारांच्या खालीं ठेवलेलीं भोंकें काडीनें मोकळीं करावीं आणि ब्रेकच्या नळ्या दरवर्षीं हात फिरवून तपासाव्या. या कामांना पैसा थोडा लागतो. वेळ आणि लक्ष मात्र पुष्कळ लागतें. उत्तरेच्या राज्यांत आजहि एकाच वर्षीं बांधलेल्या दोन गाड्यांपैकीं एक भंगारांत गेलेली आणि दुसरी रस्त्यावर धांवत असलेली दिसते, तेव्हां त्यांच्यांतील फरक बहुधा एवढ्याच कामांचा असतो.